कझाकस्तानवर साडी वाळत घालू नये

आजवर मी तीन घरमालक पाहिले. पहिल्या दोघांनी पाहुणे किती येतात, मांसाहार करता का, एवढंच विचारलं. तिसऱ्यांनी मला दारात उभं केलं आणि म्हणाले, "आ म्हण."

मला वाटलं घसा तपासतायत. मी तोंड उघडून जीभ बाहेर काढली.

"जीभ आत घे. आवाज काढ."

मी "आऽऽ" केलं. माझा आवाज हा आमच्या घराण्यात जुना विषय आहे. गणपतीच्या आरतीला आई मुद्दाम माझ्या हातात झांजा द्यायची, आणि त्या जोरात वाजव म्हणायची. घरमालक काकांनी डोळे मिटून ऐकलं, खिशातून लाल खडू काढला आणि दारावर फुली मारली.

"तडा आहे," म्हणाले. "बायकोले बोलाव."

बायकोने आ-बिआ काही केलं नाही. ती शाळेत इंग्रजी शिकवते, तिला उलट प्रश्न विचारायची सवय. तिने विचारलं, "काका, नळाला पाणी किती वाजता येतं?" काकांचा चेहरा उजळला. फुलीशेजारी त्यांनी पांढऱ्या खडूने टिक मारली.

जबलपूरच्या रांझी भागातल्या त्या घरात, वरच्या मजल्यावर, आम्ही सात वर्षं राहिलो ते बायकोच्या आवाजावर. दर दिवाळीला दार धुतलं की काका स्वतः जिना चढून यायचे आणि फुली न् टिक पुन्हा काढून जायचे. पाहुणे विचारायचे हे काय? बायको सांगायची, "टिक माझी."

काका जवळच्याच फॅक्टरीत तपासनीस होते. चौतीस वर्षं. ओतीव लोखंडाचा भाग समोर आला की छोट्या हातोडीने ठोकायचा आणि ऐकायचं. टणकन् वाजला, लांब घुमला, तर पास. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा. डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज लपवत नाही. निवृत्त झाल्यावर हातोडी जमा करावी लागली, पण खडू राहिले. हातोडीच्या जागी मग बोटाचं पेर आलं. बाजारात ते माठ ठोकायचे, नारळ ठोकायचे, गॅसचं सिलिंडर ठोकायचे. मी नवी स्कूटर आणली तेव्हा पेढा हातात घ्यायच्या आधी त्यांनी तिचा मडगार्ड ठोकला. मग अर्धाच पेढा घेतला. तो मडगार्ड चार महिन्यांत गळून पडला.

उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका माठ घेऊन त्यांच्या फाटकाशी रांग लावायच्या. फाटकावर घंटा नव्हती, पितळेचा एक जाड तुकडा टांगलेला होता. तो ठोकायचा. काका यायचे, माठावर तळहात ठेवायचे, दुसऱ्या हाताने टिचकी मारायचे आणि खडूने खूण करायचे. पांढरी किंवा लाल.

खरं तर फॅक्टरीत तिसरीही एक खूण असते. तिला डेव्हिएशन म्हणतात. म्हणजे मालात खोट आहे, ती खोट माहीत आहे, कागदावर लिहिलेली आहे, तरीही माल घ्यायचा. त्यासाठी "डी" लिहितात. काका अभिमानाने सांगायचे, "पूर्ण नोकरीत मी एकपण डी नाही देल्ला. ज्याले द्याचा त्यानं द्यावा. माह्या खडूनं नाही." काकू आतून म्हणायच्या, "मले काय देल्लं ते विचारा जरा." काका म्हणायचे, "तुले ठोकायची हिंमत कोणाची?"

आता रेडिओ.

काकांकडे शॉर्टवेव्हचा जुना ट्रान्झिस्टर होता, चामड्याच्या कव्हरातला. संध्याकाळी ते अंगणात स्टुलावर बसून त्याचं बटण केसाएवढं केसाएवढं फिरवत राहायचे. परदेशातल्या कुठल्या कुठल्या स्टेशनांचे आवाज यायचे आणि विरायचे. बहुतेकांची भाषा कळत नसे. काका म्हणायचे, "मी भाषा काहून समजू? मी रस्ता ऐकून राहिलो. पाह्य, हा आवाज डोंगरावरून आला. धापा टाकून राहिला."

अशाच एका संध्याकाळी एका लहानशा स्टेशनवर त्यांनी ऐकलं की ते वर्षातून एक दिवस श्रोत्यांनी बनवलेले आवाज लावतात. विषय एकच, पक्ष्यांचं स्थलांतर. ते इंग्रजीत सांगत होते, आणि काकांनी मला हाक न मारता बायकोला हाक मारली. तिने पत्ता उतरवून घेतला. त्या देशाचं नाव मला आजही उच्चारता येत नाही, आणि मी उच्चारू नये असं काकांचं मत होतं.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर पाइप यायला लागले. भंगारवाल्याकडून निवडून, ठोकून आणलेले. पितळेचे, बिडाचे, पोलादाचे, एक तांब्याचा, असे अकरा पाइप त्यांनी कपडे वाळवायच्या तारांवर ओळीने टांगले. पहिला सायबेरिया, बारीक आणि थंड आवाजाचा. मग कझाकस्तान. मग एक जाडजूड बिडाचा, तो हिमालय. शेवटचा तांब्याचा, नर्मदा. पक्षी जसे येतात त्या वाटेने काका एकेक पाइप वाजवत जायचे. कधी लाकडाने ठोकून, कधी दोरीने घासून, कधी नुसती फुंकर मारून.

मी शहाणपणा केला. "काका, पक्ष्यांचा आवाजच रेकॉर्ड करून पाठवा ना."

"पाखराचा आवाज पाखराले येते. मी काहून काढू? मले त्यायच्या रस्त्याचा आवाज पायजे."

अडचण एवढीच होती की तारा काकूंच्या होत्या.

"कझाकस्तानवर माही साडी हाय," त्या खालून ओरडायच्या. "ओली हाय, हात नका लावू."

"अवं, हिमालयावर टाक ना! तो तसाही दबका वाजते!"

काकूंनी हे ऐकलं नाही. पहिल्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमध्ये कझाकस्तान ओला वाजतो तो त्यामुळे.

ते पहिलं रेकॉर्डिंग बावन्न मिनिटांचं होतं. स्टेशनने नम्रपणे कळवलं की फक्त बारा मिनिटं चालतील. काकांनी लाल खडूने त्या कागदावर नव्हे, स्वतःच्या रेकॉर्डरवर फुली मारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी बरोबर बारा मिनिटं पाठवली. उत्तर आलं. बायकोने वाचून मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, पक्षी निघाले हे ऐकू येतं. पोचले हे ऐकू येत नाही."

मला वाटलं काका चिडतील. ते म्हणाले, "बरोबर हाय. नर्मदा बद्द वाजून राहिली."

तिसरं वर्ष होतं तेव्हा एकदा काकूंनी मला जिन्यात थांबवलं. हातात डॉक्टरांचा कागद. "पाह्य बाप्पा, यायच्या कानाचं. फॅक्टरीनं जायचं तेवढं गेलंच होतं, आता वरचे आवाज चालले. बारीक बारीक. डॉक्टर म्हणते मशीन लावा, पण मशीननं ते पाइपाचं आयकू येईन का, हे विचारून राहिले. म्हणून घाई हाय यायची. रेडिओवर स्वतःच्या कानानं एकडाव आयकायचं हाय. पुढच्या वर्षी कोण पाह्यलं?"

तेव्हा मला कळलं की ते माठावर तळहात का ठेवतात.

पोचण्याचा आवाज कुठे मिळणार हे उघड होतं. हिवाळ्यात ग्वारीघाटावर नर्मदेत ते पांढरे पक्षी येतात. पुस्तकात त्यांना कुरव म्हणतात, घाटावर सगळे नुसतं "साइबेरिया" म्हणतात. लोक नावेत बसून त्यांना शेव टाकतात, नावाडी "आओ, आओ" करतात, आणि पक्षी डोक्यावर घोंगावतात. हजारो मैल उडून आलेल्या पाहुण्याला आपण शेव खाऊ घालतो, हे फक्त जबलपूरच करू जाणे. काकांचा शेवेला विरोध होता. नावाडी ठरवताना त्यांनी बजावलं, "भैया, न सेव, न आवाज़. सिर्फ़ चप्पू."

"सेव नहीं डालेंगे तो काहे आएँगे, दादा?" नावाडी म्हणाला.

"आएँगे. इतनी दूर से सेव के लिए थोड़ी आए हैं."

मला सोबत नेलं होतं कारण स्कूटर माझी होती. फेब्रुवारी संपत आलेला, सकाळची वेळ, मी चहासुद्धा न घेता निघालेलो. आणि आता कबूल करतो, घाटावर उतरताना काका पुढे गेल्यावर मी शेवेचं एक पाकीट घेतलं होतं. पक्ष्यांसाठी नाही. मला भूक लागली होती.

नाव पाण्याच्या मध्यावर गेली. काकांनी रेकॉर्डर सुरू केला. वल्ह्याचं पाणी, लांबवर घाटावरची घंटा. एकेक करून पक्षी खरंच आले, शेवेशिवाय. काका त्यांच्या चोचींकडे बघत होते, एकटक, कोणती कधी उघडते ते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी हळूच पाकीट काढलं, आवाज होऊ नये म्हणून कागद दातांनी फाडला, आणि पहिली चिमूट तोंडाजवळ नेली.

पुढचं एका क्षणात झालं. पांढरं काहीतरी कानाजवळून आलं, माझ्या बोटांना चोच लागली, आणि अख्खं पाकीट वर गेलं. मी उभा राहिलो, नाव डगमगली, आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं आई गंऽ! ए! माझी शेव!"

आमच्या घराण्यातला तो आवाज. सगळा थवा एकदम उसळला आणि किंचाळला.

नावाडी वल्हं सोडून हसत होता. काकांनी रेकॉर्डर बंद केला आणि खिशात ठेवला. घरी उतरून फक्त म्हणाले, "पुढल्या वेळी जेवून येजो."

त्या हिवाळ्यात पुढची वेळ आलीच नाही. त्यानंतर ते एकटे बसने नऊ दिवस सकाळी घाटावर गेले. पण त्या वर्षी गरमी लवकर लागली आणि पक्षी निघून गेले होते. पोचण्याचा आवाज असलेलं एकच रेकॉर्डिंग उरलं, आणि त्याच्या मधोमध मी होतो. काका आठवडाभर खोलीत बसून होते. मी दाराशी जाऊन विचारलं, "काढता येतंय का मला?" आतून उत्तर आलं, "तू कोठून निघतो बे? सात वर्षं नाही निघाला." तेव्हा आम्हाला तिथे पाचच झाली होती, पण हिशेबात पडण्याची ती वेळ नव्हती.

त्यांनी काय कापलं, काय ठेवलं, मला सांगितलं नाही. बायकोने पाठवून दिलं. महिन्याने उत्तर आलं, एका ओळीचं. घेतलंय. तारीख, वेळ, किती मीटरवर लावायचं ते. आपल्याकडची संध्याकाळ, साडेसात.

"आणि काका," बायको म्हणाली, "ते वेबसाइटवर पण ठेवणार आहेत. कधीही ऐकता येईल."

"तसं असन तर पाखराचा फोटोच पाह्य ना तू. घाटावर कायले जातेस? ज्या हवेतून ते येतेत, त्या हवेतूनच यायला पायजे."

आता खरी अडचण होती हवाच. शॉर्टवेव्हला आपल्या गल्लीतली प्रत्येक वस्तू शत्रू असते. एलईडी, चार्जर, स्टॅबिलायझर, चक्कीची मोटर, सगळ्यांची खरखर रेडिओत शिरते. आणि दिवस वैशाखातले. प्रत्येक घरात कूलर. पाव तास कूलर बंद करा म्हटलं तर लोक माणसाला बंद करतील असा उन्हाळा.

काकांनी कोणाची विनवणी केली नाही. एक कागद हिंदीत टाइप करून आणला. "सूचना क्रमांक एक. सभी संबंधितों को सूचित किया जाता है कि सायं साढ़े सात से पौने आठ तक ध्वनि निरीक्षण होगा. मेन स्विच, इन्वर्टर तथा चार्जर पूर्णतः बंद रहेंगे." खाली सही, आणि "प्रतिलिपि: चक्की". गल्लीतल्या एकोणीस घरांत तो वाटायचं काम माझ्याकडे होतं.

चक्कीवाले भैया कागद घेऊन आले. "दादा, ये निरीक्षण किस चीज़ का है?"

"आवाज़ का."

"अच्छा. सरकारी है?"

"मेरा है."

भैयांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "चलो, फिर तो करना पड़ेगा. आपने हमारे मटके देखे हैं." फॅक्टरीच्या भोंग्यावर वाढलेली गल्ली ती. क्रमांक असलेली सूचना ती कशी मोडणार?

त्या संध्याकाळी सव्वासातपासून एकेक कूलर थांबत गेला. पाच वर्षांत मी त्या गल्लीची शांतता पहिल्यांदा ऐकली. लोक पंखे हातात घेऊन ओट्यांवर आले. काकांनी अंगणात स्टूल ठेवलं, त्यावर रेडिओ, आणि अँटेनाची तार गच्चीवरच्या सायबेरियापासून पेरूच्या झाडापर्यंत ताणली. साडेसात झाले. काकांनी बटण लावलं.

खर्रर्रर्र.

त्यांनी बटण केसभर हलवलं. खर्रर्र. रेडिओवर तळहात ठेवला, मान वर केली. "कोणाच्या तरी घरी चालू हाय."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. भैया शपथ घ्यायला लागले. माझी बायको मात्र वर बघत होती, आमच्या खिडकीकडे. अंधाऱ्या गल्लीत ती एकच खिडकी हिरवी उजळली होती.

मी मेन स्विच इमानदारीने बंद केला होता. आणि इन्वर्टरने तितक्याच इमानदारीने आमच्या माशांची टाकी सुरू केली होती. एकोणीस घरांत सूचना वाटली, विसाव्या घरात वाचली नाही.

मी जिना चढलो तो दोन दोन पायऱ्या. अंधारात बादलीला पाय लागला, ती गडगडत खाली गेली, आणि अख्ख्या गल्लीने ते निरीक्षण ऐकलं. इन्वर्टरचं बटण सापडेपर्यंत चार मिनिटं गेली. सायबेरिया आणि निम्मा कझाकस्तान माझ्या माशांनी खाल्ला. उरलेला कझाकस्तान खाली येताना जिन्यातच ऐकला, आणि तो या वर्षी कोरडा वाजत होता. काकूंनी महिनाभर साड्या आत वाळवल्या होत्या.

मग हिमालय आला. एकच ठोका. तो इतका लांब गेला की संपला असं वाटलं, आणि मग लाटेसारखा परत आला. आवाज येत होता, विरत होता. कुठल्या तरी थंड देशातून निघून, डोंगर ओलांडून, रांझीतल्या आमच्या पेरूच्या झाडावर उतरत होता. कोणी पंखा हलवत नव्हतं. मग वल्ह्याचं पाणी. मग घाटावरची घंटा, आणि पक्षी, आधी एक, मग चार, मग मोजता येणार नाहीत इतके. चक्कीवाल्या भैयांनी आपसूक वर पाहिलं.

मी काकांकडे पाहत होतो. त्यांचा तळहात रेडिओवर, चेहरा तसाच, वाट बघणारा. पक्षी अंगणभर होते आणि काका अजून वाट बघत होते.

"अगं आई गंऽ! ए! माझी शेव!"

काकांनी रेडिओवरचा हात उचलला. "पोचले," म्हणाले.

गल्ली फुटली. "अरे, ये तो अपने बाबूजी हैं!" भैया ओरडले. "बाबूजी, आप तो फ़ॉरेन हो आए!" कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी "सेव मिली कि नहीं?" विचारलं. एकेक कूलर परत घरघरू लागला. मी तोंड लपवायला रेडिओची तार गुंडाळायला घेतली, तेव्हा काकू शेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "लाजतो काहून? यायले पाखरं आयकूच नाही आली. त्या दिवशी घाटावरपण नव्हती आली. तुह्या ओरडण्यावर खूण ठेवली होती त्यायनं. तू ओरडला की समजायचं, आले."

मी तार गुंडाळतच राहिलो. ती दोनदा उलगडून पुन्हा गुंडाळली.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. फुली तशीच होती, लाल. टिक तशीच होती. फुलीच्या खाली पांढऱ्या खडूने, फॅक्टरीत लिहितात तसं, ठसठशीत एकच अक्षर होतं. डी.

बायको दाराशी आली, वाचून म्हणाली, "माझी नुसती टिकच आहे हं."

चार दिवसांनी स्टेशनचं पत्र आलं. श्रोत्यांनी विचारलंय, शेवटी तो माणूस काय म्हणतो? बायकोने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "लिही, स्वागत करून राहिला."

आता आम्ही जबलपुरातच, मदन महलला राहतो, स्वतःच्या घरात, ज्याला खूण करायला कोणी येत नाही. पण नोव्हेंबर लागला की फोन येतो. फोन काकू लावतात, बोलतात काका, कारण पलीकडचं त्यांना फारसं ऐकू येत नाही आणि त्याची त्यांना गरजही वाटत नाही. यंदाही आला.

"आयक. यायचा रस्ता झाला. आता परत जायचा करायचा हाय. घाटावर पाखरं आली म्हणतेत. रविवारी सकाळी स्कूटर घेऊन ये. आणि शेव..."

मी ओरडून विचारलं, "शेव आणू नको ना?"

"दोन पाकिटं आन," काका म्हणाले. "अन् जेवून नको येऊ."